वांग्याच्या फुलाच्या सरदाराचं दहावं

आमच्या घरात राग सगळ्यांनाच येतो. पण बाकीच्यांच्या नाकावर तो भाड्यानं राहतो, माझ्या नाकावर मालकीहक्कानं. हे आधीच सांगून टाकते, कारण मी एका माणसाचा जीव घेतलेला आहे आणि तो निव्वळ रागापायी. माणूस जपानचा होता, सामुराई होता आणि कागदावरचा होता. तरी त्याचं दहावं करावं लागलं.

मी वाशीमला एका इंजिनियरच्या ऑफिसात घरांचे नकाशे काढते. त्याआधी सहा वर्षं पुण्यात हेच काम करत होते, आणि तिथं एका खोलीत राहणाऱ्या मैत्रिणींनी मला एका खेळाचा नाद लावला. या खेळात पट नसतो, सोंगट्या नसतात आणि शेवटी कुणी जिंकतही नाही. एक जण गोष्ट सांगतो. गाव, डोंगर, शत्रू, पाऊसपाणी सगळं त्याच्या हातात. बाकीचे त्या गोष्टीतलं एकेक माणूस होतात आणि आपलं माणूस आता काय करतं ते बोलून सांगतात. एखादी गोष्ट जमेल की नाही अशी शंका आली की दहा बाजूंचा फासा टाकायचा. मोठा आकडा पडला तर जमलं, लहान पडला तर फसलं. आमची गोष्ट जुन्या जपानची होती, तलवारी, किल्ले, सरदार आणि त्यांचं इमान. पुणं सोडताना मी गॅसची शेगडी मैत्रिणींना देऊन टाकली. फासे आणि नियमांचं पुस्तक मात्र बॅगेत सगळ्यात वर ठेवून आणलं.

वाशीमला परत आले तेव्हा दादाशी माझं बोलणं जवळपास संपलेलं होतं. दादा म्हणजे माझा चुलतभाऊ, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. शहराच्या कडेला आमचा मळा आहे, तो आता दादाच बघतो. वांगी, पालक आणि सांबार. सांबार म्हणजे कोथिंबीर, हे मी पुण्यात सहा वर्षं समजावून सांगितलं आणि कुणाला पटलं नाही. लहानपणी आम्ही दोघं एकाच अंगणात वाढलो, एकाच सायकलवर शाळेत गेलो. आणि आता भेटलो की तो विचारायचा, "बरी हायेस?" मी म्हणायची, "हो." मग तो विचारायचा, "जेवली?" मी म्हणायची, "हो." एवढं झालं की दोघंही वांग्यांकडे बघत उभे राहायचो. भांडण काहीच नव्हतं. मी पुण्याहून येताना शुद्ध बोलायला लागले होते आणि तो माझ्यापुढं जपून बोलायला लागला होता, बस्स. मला त्याचं फार वाईट वाटायचं.

एकदा असंच उभं असताना काहीतरी बोलायचं म्हणून मी त्याला हा खेळ सांगितला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हंजे बसल्या बसल्या दुसरं मानूस व्हायचं?"

"हो."

"न् हिरीवरची मोटार कोन पाहीन?"

पण पुढच्या रविवारी दुपारी खेळायला तो सगळ्यात आधी हजर होता.

खेळायची जागा म्हणजे मळ्यातलं टिनाचं शेड. भाजीचे चार क्रेट उपडे घातले की टेबल तयार. मी खांबाला पाठ लावून बसायची. त्या खांबावर दादाचा दाढीचा आरसा सुतळीनं टांगलेला होता, पुढं झुकलेला. वहिनी, म्हणजे दादाची बायको, आल्या आल्या माझ्या डोक्यावरून वाकून त्यात टिकली नीट करायच्या आणि मगच बसायच्या. माझ्यापुढं बियाण्याच्या खोक्याचा पुठ्ठा आडवा उभा केलेला. गोष्ट सांगणाऱ्याचे काही फासे गुपचूप टाकायचे असतात. शत्रूचा वार लागला का, साप चावला का, हे मी पुठ्ठ्यामागं फासा टाकून बघायचं आणि आकडा तोंडानं सांगायचा.

आम्ही पाच जण होतो. मी, दादा, वहिनी, शाळेत माझ्या वर्गात असलेला आणि आता एसटीत कंडक्टर झालेला एक मित्र, आणि मळ्याशेजारी राहणारे काका. काका कोर्टात बेलिफ होते. आयुष्यभर लोकांच्या दारात नोटिसा बजावल्या आणि निवृत्त झाल्यावर कुणी दारात येईना म्हणून कंटाळले होते.

पहिल्या रविवारी मी गळा साफ करून सुरुवात केली. म्हटलं, हा खरा इतिहासातला जपान नाही, आपला जपान आहे. इथं शोगुन वारस न ठेवता मेला, देश कधी एक झालाच नाही, आणि परदेशी जहाजांना बंदरं कधी बंद झाली नाहीत. धुक्यात बुडालेल्या एका खोऱ्यात तुम्ही चौघं उभे आहात. एवढं बोलून मी परिणामासाठी थांबले.

"जमीन कशी हाय?" दादानं विचारलं. "काळी का मुरमाड?"

"न् हे लोक खातेत काय?" वहिनींनी विचारलं.

मी म्हटलं, भात, मासे. वहिनींचं तोंड पडलं. मग कंडक्टरनं मुद्दा काढला की परदेशी जहाजं येतात म्हणता, तर त्यातून बटाटा आला असेल, मिरची आली असेल. नियमाप्रमाणं त्याचं बरोबर होतं. अशा रीतीनं आमच्या जपानात आलुबोंडा, म्हणजे पुण्यातला बटाटेवडा, आला आणि पुढची दोन वर्षं तिथल्या प्रत्येक घाटात त्याची एक टपरी होती.

दादाचा सामुराई सरदार होता. प्रत्येक सरदाराच्या निशाणावर घराण्याचं चिन्ह असतं, हे मी सांगितल्यावर दादानं रंगीत पेन्सिल घेऊन आपल्या वहीत पाच पाकळ्यांचं जांभळं फूल काढलं. वांग्याचं फूल. ते इतकं सुरेख होतं की मी तेच निशाण म्हणून मंजूर केलं. काकांचा भिक्खू होता, आणि तो लेखी नोटीस दिल्याशिवाय कुणावर हल्ला करू द्यायचा नाही. "बजावली नाई तं बेकायदा व्हते," ते म्हणायचे, आणि शत्रूच्या दारावर खरंच नोटीस चिकटवायला जायचे. कंडक्टरचा तिरंदाज बाण सोडण्याआधी "टिन टिन" करायचा. वहिनींची हेर भाजीवालीच्या वेशात किल्ल्यात शिरायची आणि बातमी काढून आणायची. वहिनींचं माहेर रिठदचं. तिथल्या सगळ्या बायकांची नावं आणि स्वभाव त्यांनी एकेक करून जपानात नेले. अमुक सरदाराची सासू कशी आहे, हे मला ठरवावंच लागायचं नाही.

दोन वर्षं असं चाललं. भाव बरा असो की पडलेला, सकाळी वांगी बाजारात गेली की दुपारी दादा हातपाय धुऊन शेडात यायचा. आठवडाभर मला फोन यायचे. "काय वं, थ्या पुलावर पहारा किती मानसाईचा हाय?" कधी म्हणायचा, "रातभर विचार केला, नदीकाठानं जाऊ." माझ्या जेवणाची चौकशी त्यानं सोडून दिली होती. मी इतकी खूश होते की काय सांगू. पुढं त्यानं पांढऱ्या रंगात बोटं बुडवून आपल्या भाजीच्या सगळ्या क्रेटांवर ते वांग्याचं फूल काढलं. बाजारात व्यापारी ते फूल बघून म्हणू लागले, हा माल त्याचा.

आता माझा गुन्हा सांगते.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी मी एक किल्ला काढला. नकाशे काढणं हा माझा धंदाच आहे, त्यामुळं मी मन लावून काढला. आलेखाच्या कागदावर, मापात, तीन दरवाजे, दोन खंदक, चोरवाटा, पहारेकऱ्यांच्या पाळ्या. तीन आठवडे ऑफिसातून आल्यावर दुसरं काही केलं नाही. चौघांनी निदान चार महिने त्या किल्ल्यावर डोकं फोडावं अशी माझी इच्छा होती. रविवारी मी तो कागद क्रेटवर पसरला.

दादानं कागद नीट बघितला. मग म्हणाला, "पाणी कुठून येते यायले?"

मी याचा विचारच केला नव्हता. घाईघाईनं म्हटलं, "मागच्या डोंगरातून. झरा आहे."

"मंग थो वरतूनच वळवतो. फावडं न् चार मानसं. चार दिवस थांबतो, आपसूक बाहेर येतीन."

फासा टाकला, दहा पडला. किल्ला गेला. माझे तीन दरवाजे कुणी बघितलेसुद्धा नाहीत. कंडक्टर पोट धरून हसला, "तीन हप्त्याचा किल्ला, पाच मिंटात खाली!" काका हसले, वहिनी पदर तोंडाला लावून हसल्या. आणि दादा मुरमुऱ्यांची मूठ तोंडात टाकत म्हणाला, "लोकाईच्या घराचे नकाशे काढते न् पाण्याचंच इसरते. तुह्या घरात राहाले जाईन थो मानूस काय पिईन?"

तो चिडवत होता. मला ते कळत होतं. लहानपणापासून तो असाच चिडवायचा, आणि इतक्या वर्षांनी तो पुन्हा तसं चिडवायला लागला म्हणून मला खरं तर आनंद व्हायला हवा होता. पण राग नाकावर आला आणि बाकी सगळं मागं पडलं.

किल्ल्यातून सुटलेला शत्रूचा सेनापती पुलावर वांग्याच्या फुलाच्या सरदारासमोर उभा राहिला. दोघांनी तलवारी काढल्या. मी म्हटलं, सेनापतीचा आठ किंवा जास्त पडला तर वार वर्मी लागेल. पुठ्ठ्यामागं फासा टाकला.

तीन पडले.

मी म्हटलं, "नऊ."

इथं एक कबूल केलं पाहिजे. पुठ्ठ्यामागं आकडा बदलण्याची ती पहिली वेळ नव्हती. दादाला साप चावला तेव्हा नऊ पडले होते, मी दोन सांगितले. कंडक्टरच्या छातीत बाण घुसायचा तो मी खांद्याला लावला. चांगली चाललेली गोष्ट एका फाशानं मोडू नये म्हणून गोष्ट सांगणारे थोडंफार असं करतातच. पण ते वाचवण्यासाठी. मारायला मी त्याच दिवशी खोटं बोलले.

सरदार पुलावरच कोसळला. दादानं माझ्याकडे बघितलं, म्हणजे मला वाटलं माझ्याकडेच. मग त्यानं सरदाराची दोन वर्षांची वही मिटली, तिच्यावरची धूळ तळव्यानं पुसली आणि माझ्यापुढं ठेवली. "झालं मंग," म्हणाला. "मोटार पाहून येतो."

तो काही परत आला नाही. पुढच्या रविवारी निरोप आला की वांग्यांचा तोडा आहे. त्याच्या पुढच्या रविवारी फवारणी होती. वाटेत भेटला तेव्हा त्यानं विचारलं, "बरी हायेस?" मी म्हटलं, "हो." "जेवली?" असं त्यानं विचारलं आणि मी पुन्हा "हो" म्हटलं. आम्ही परत तिथंच येऊन उभे राहिलो होतो, वांग्यांकडे बघत. खरं काय ते सांगून टाकायला एक मिनिट पुरलं असतं. पण मी मनात म्हणत होते, एवढ्याशा खेळावरून कुणी रुसतं का, आणि चिडवलं तर आधी त्यानंच होतं.

तिसऱ्या रविवारी मी तिघांना घेऊन गोष्ट पुढं न्यायची ठरवलं. पुठ्ठा उभा केला आणि म्हटलं, "पुलापलीकडे शत्रूची छावणी दिसते आहे."

"थांबा ताई," वहिनी म्हणाल्या. "घरचं मानूस गेलं न् तुमी लगेच लढाईले निंगाल्या?"

"त्याचं धावं झालं नाई," काका म्हणाले. "तेरवी नाई. धाव्याबिगर पुढचं पान कसं उलटते?"

मी म्हटलं, काका, हे जपान आहे. तिथं पिंड नसतो, कावळा नसतो, त्यांचे विधी निराळे.

"तूच सांगतलं ना पयल्या दिवशी," काका शांतपणे म्हणाले, "का हा आपला जपान हाय म्हून."

कंडक्टरनं तर लगेच नियमसुद्धा तयार केला. पिंड ठेवायचा, ज्याला वाटेल त्यानं गेलेल्याला शब्द द्यायचा आणि फासा टाकायचा. आठ किंवा वर पडले तर कावळा शिवला. "पन फासा उघड्यावर," तो म्हणाला. "कावळा काय पुठ्ठ्यामागून येते का?" पुढच्या रविवारी दहावं करायचं ठरलं.

निघताना वहिनींनी मला मेथीची जुडी दिली आणि हळूच म्हणाल्या, "हे क्रेटावरचं फूल घासून राह्यले, ताई. रॉकेल घेऊन. काहून म्हटलं, तं म्हने मेलेल्याची निशानी कायले ठेवा?"

तो आठवडा मी कसा काढला ते माझं मला माहीत. ऑफिसात एका घराला जिना काढायचा राहून गेला.

रविवारी चौघं जमलो. दादाला बोलवायला वहिनी गेल्या होत्या. तो म्हणाला, "मेलेलं मानूस सोताच्या धाव्याले येते काय?" पण शेडाला लागून असलेल्या वांग्याच्या ओळीत तो पाठ करून तोडायला बसला. ती ओळ दोनच दिवसांपूर्वी तोडून झाली होती, हे मळ्यातल्या कुणालाही दिसलं असतं.

पिंड भाताचा ठेवायला वहिनींनी साफ नकार दिला. जित्या नवऱ्याच्या नावानं तसलं अभद्र नको, म्हणाल्या. गेलेल्याच्या आवडीचं काहीतरी ठेवा. कंडक्टरची सकाळची फेरी मेडशीवरून होती. तिथल्या स्टँडवरून त्यानं गरम आलुबोंडे कागदात बांधून आणले होते. त्यातला एक ताटलीत घालून क्रेटवर ठेवला. काकांचा भिक्खू उभा राहिला, हात जोडले आणि जमिनीवर पाणी सोडलं.

पहिला कंडक्टर. मोठ्यानं म्हणाला, "सरदार, तुह्या घोड्याले मी सांभाळीन. कडबा कमी पडू देनार नाई." फासा टाकला. दोन.

"कडब्यानं काय व्हते, सरकीची ढेप दे म्हना," वांग्यांतून आवाज आला.

काका पुढं झाले. "ज्यानं तुले मारलं त्याले नोटीस बजावीन. घरी नाई सापडला तं दारावर चिकटवीन." पाच पडले.

वहिनींनी पदर डोक्यावरून घेतला. "तुमच्या भातशेतीले मी पाणी देईन. येळेवर." चार.

परत घोडा, परत नोटीस. किल्ला परत घेऊ, निशाण उंच ठेवू, घाटातल्या टपरीला तुझं नाव देऊ. आम्ही हसत होतो, पण फासा काही वर जाईना. एक, सहा, तीन. अर्धा तास झाला. आलुबोंडा गार झाला. काका म्हणाले, "दर्भाचा कावळा करू आता. कावळा नाई आला तं थेच लावतेत पिंडाले, न् पुढं जातेत. सोय हाय तशी."

मला सुटल्यासारखं झालं. मी म्हटलं, "करा, करा."

"नाई," वहिनी म्हणाल्या. "त्याईच्या मनात काईतरी राह्यलं. रिठदले माह्या आज्याच्या टायमाले दोन घंटे कावळा शिवला नोता. सगळ्याईनं सगळं कबूल केलं. शेवटी धाकल्या काकानं खरं काय थे सांगतलं, तवा शिवला." आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुमी काईच बोलल्या नाई, ताई. तुमच्याच हातानं गेले ना थे."

त्यांना ठाऊक होतं की नाही, हे मी अजून विचारलेलं नाही.

वांगी तोडल्याचा आवाज थांबला होता. मी पुठ्ठा उचलून बाजूला ठेवला. सरदाराला उद्देशून काहीतरी भारदस्त बोलायचं मी मनात जुळवलं होतं, त्यातलं एक अक्षर आठवेना. आणि जे तोंडून निघालं ते पुण्याला जाण्याआधीचं, अंगणातलं निघालं.

"तीन पडले होते, दादा. मीनं नऊ सांगतले. किल्ल्याचा राग आला होता मले."

दादा उठला. हात पँटीला पुसत शेडाच्या तोंडाशी आला.

"मालूम हाय," म्हणाला.

"कसं?"

त्यानं माझ्या डोक्यावर बोट दाखवलं. मी वळून बघितलं. खांबावर त्याचा दाढीचा आरसा, सुतळीनं टांगलेला, पुढं झुकलेला. दादाच्या नेहमीच्या जागेवरून त्यात काय दिसत असेल ते मला दोन वर्षांत पहिल्यांदा सुचलं. पुठ्ठ्यामागचा माझा क्रेट, माझा हात आणि फासा.

"पयल्यापासून दिसते," दादा म्हणाला. "साप डसला तवा नऊ पडले होते, तू दोन म्हटलं. याले बाण लागला तवाबी. मी बोललो काय? नाई. मले वाटे, पुठ्ठ्यामागं आपली बहीन हाय, कायचं भेव. त्या दिवशी तिनाचे नऊ केले. मंग वाटलं, आता त्याच्यामागं कोन हाय?"

मी रडले. लहानपणी सायकलवरून पडल्यावर रडायची तशी, आवाज करून. आणि रडता रडता म्हटलं की पुन्हा कधी असं करणार नाही, किल्ला पाण्याविना काढणार नाही, रागावर आवर घालीन. शेवटचं ऐकून कंडक्टर म्हणाला, "मॅडम, जमन तेवढंच बोला. कावळा ऐकून राह्यला." आणि त्यानं फासा माझ्या हातात दिला.

मी तो टाकायच्या आतच दादा पुढं झाला, ताटलीतला आलुबोंडा उचलला आणि अर्धा तोंडात टाकला.

"अवो!" वहिनी ओरडल्या. "पिंड हाय थो!"

"गार झाला," दादा भरल्या तोंडानं म्हणाला. "मेडशीचा हाय ना?"

काकांनी डोळे मिटून हात जोडले. "शिवला," म्हणाले. कंडक्टरनं "टिन टिन" केलं.

मग दादा आपल्या जागेवर बसला. मी त्याची वही त्याच्यापुढं सरकवली आणि म्हटलं, फासा तीनचा होता, तेव्हा सरदार मेलाच नाही, पुलावरून नदीत पडला असं धरू. काकांना हे अजिबात मान्य नव्हतं. दहावं झालेल्या माणसाला जिवंत करायचं तर कागदपत्रांचं काय? दादालाही पटलं नाही. मेला तो मेला, म्हणाला, आता त्याची बहीण गादीवर बसेल आणि ती तोच होणार. तिला राग फार येतो असं त्यानं वहीत पहिल्याच ओळीत लिहिलं, आणि वरच्या कोपऱ्यात वांग्याचं फूल काढलं. लिहिताना तो माझ्याकडे बघत होता आणि बाकीचे तिघं गालात हसत होते. मीही हसले.

मी पुठ्ठा दुमडायला घेतला. "आता फासा उघड्यावरच टाकत जाईन," म्हटलं.

"कायले?" दादा म्हणाला. "मंग वाचवशीन कशी आमाले? पुठ्ठा राहू दे."

मी पुठ्ठा पुन्हा उभा केला. मग आरसा काढायला खांबाकडे हात नेला.

"थोबी राहू दे," तो म्हणाला.